होडीवाल्यांची कवळी

प्रिय लिफ्टसाहेब,

आधी कुठेतरी नीट टेकून बस, आणि हातात चहा असेल तर तो खाली ठेव. तुझी आई टेलिफोन ऑफिसातल्या जुन्या मैत्रिणीबरोबर तळ्यावर सुट्टीला गेली आहे, असं तुला सांगितलं गेलंय. तळं खरं आहे, सुट्टी खरी आहे, आई तर खरीच आहे. मैत्रीण मात्र मी आहे. झालं, सांगून टाकलं एकदाचं. आता वाटलं तर खोलीत दोन फेऱ्या मार, मग पुढचं वाच. रविवारी तू गाडी घेऊन तुझ्या आईला, माझ्या काकूंना, न्यायला येणार आहेस. परवा फोनवर तू विचारलंस, आई, सामान भरलंस का, तर त्या म्हणाल्या, बघू. तुझी आई आणि बघू! जी बाई निघायच्या आठवडाभर आधी बॅग भरून दारात उभी करून ठेवते आणि मग रोज त्याच बॅगेतून टॉवेल काढून वापरते, ती म्हणतेय बघू. रविवारी त्या तुझ्याबरोबर घरी येतील की इथंच राहतील, हे मलाही माहीत नाही आणि खरं सांगू का, त्यांनाही नाही. हा घोळ कसा झाला ते तू इथं येऊन थडकण्याआधी तुला कळलेलं बरं. फोनवर सांगितलं असतं, पण तू फोनवर नुसता हं म्हणतोस आणि माझं पुढचं सगळं विसरायला होतं.

त्या खोकल्याचंही आत्ताच सांगून टाकते, मनात नको राहायला. तू रोज जेवणानंतर काकूंना फोन करतोस तेव्हा मी समोरच्याच खुर्चीत मूग गिळून बसलेली असते. पहिल्या आठवड्यात एकदा बिस्किटाचा कण घशात गेला आणि मी अशी काही खोकले की तू विचारलंस, कोण खोकतंय? काकू डगमगल्या नाहीत. म्हणाल्या, मैत्रिणीला जुना दमा आहे रे. तेव्हापासून तू प्रत्येक फोनला न चुकता विचारतोस, मैत्रिणीचा दमा कसा आहे, तिला म्हणावं वाफ घे, थंड पाणी पिऊ नकोस, उशी उंच घे. एकदा तर तू कुठल्याशा डॉक्टरांचा नंबरही देऊ केलास. काकू तोंडावर हात ठेवून हसत होत्या. मला हसू आलं नाही. ओळख ना पाळख अशा एका म्हातारीची तुला इतकी काळजी! त्या दिवशी मी खरंच वाफ घेतली. दमा नव्हता, पण सर्दी झालीच होती, रडून रडून.

आपलं ठरलेलं लग्न मोडलं त्या दिवसाबद्दल मी नंतर तुझ्याशी अवाक्षर बोलले नाही, तर आज बोलते. आमच्या दातांच्या लॅबच्या इमारतीतली नवी लिफ्ट तपासायला तू आला होतास. मी खाली पाणी आणायला आले होते, तू दिसलास आणि हौसेनं आत शिरले. तू म्हणालास, ब्रेकची चाचणी आहे, येऊ नकोस. मी म्हटलं, लग्न झाल्यावर तुझ्या सगळ्या चाचण्यांना मीच असणार आहे, आतापासूनच सवय करून घेते. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये ब्रेक लागला, झकास लागला, आणि त्या शांततेत तू सांगून टाकलंस की तुला या लग्नाची खात्री वाटत नाही, बरेच महिने वाटत नाही, आणि खात्री नसताना माणसानं वर जाऊ नये. आणि मग लिफ्ट काही केल्या सुटेना. हा असा पेच फक्त आपल्यालाच पडू शकतो! लोकांची मोडतात तेव्हा दोघांतलं एकजण दार आपटून निघून तरी जातं. आपल्याला दारच नव्हतं. तू घाम पुसत बटणं दाबत होतास, मी भिंतीवरची 'जास्तीत जास्त सहा माणसे' ही पाटी पुन्हा पुन्हा वाचत होते. शेवटी मी तुला पेपरमिंटची गोळी दिली आणि तू थँक्यू म्हणालास. तेव्हा रडू आलं नाही. घरी जाऊन पर्समधलं ते अर्धं पाकीट दिसलं तेव्हा आलं. खूप राग आला होता तुझा. अजूनही जिने चढताना येतो कधीकधी, कारण मी तेव्हापासून लिफ्टनं जायचं सोडलंच.

दुसऱ्या आठवड्यात काकू लॅबमध्ये हजर. मी मेणात दात बसवत होते. आजूबाजूला प्लास्टरचे जबडे पसरलेले, त्यातला एक बाजूला सारून त्या माझ्या टेबलावरच बसल्या. म्हणाल्या, तळ्याकाठच्या गेस्ट हाउसमधल्या दोन खोल्या आपण तिघांसाठी घेतलेल्या होत्या. तो येत नाही म्हणतो, मी एकटी जाणार नाही, तेव्हा तू कपडे भर. मी म्हटलं, काकू, असं बरं दिसतं का? त्या म्हणाल्या, दिसायचं ते दिसू दे. मला पोहता येत नाही, मी पाण्यात पडले तर काठावर ओरडायला कुणीतरी हवं ना. मी तुझ्याबद्दल काहीतरी वाकडं बोलले, तर लगेच फणकारल्या, माझा मुलगा वाईट नाही, फक्त त्याला पहिल्या मजल्यावर जायलाही प्रमाणपत्र लागतं. आणि पुढच्याच वाक्याला तुला इतक्या शिव्या घातल्या की शेवटी मलाच तुझी बाजू घ्यावी लागली. आपलेच दात, आपलेच ओठ, त्यांनी तरी काय करावं?

तर आलो. पहिले काही दिवस मी खोलीतच होते. काकूंनी माझा फोन काढून घेऊन स्वतःच्या उशीखाली ठेवला, म्हणाल्या, त्याचा आला तर मी सांगेन. तुझा यायचाही, रोज, पण त्यांच्या फोनवर. त्यांचा खरा बेत मला तिसऱ्या दिवशी कळला. तुझ्या नाकावर टिच्चून मला इथं दुसरा मिळवून द्यायचा होता त्यांना. जेवायच्या खोलीत एकटा पुरुष दिसला रे दिसला की त्या मीठ मागायला त्याच्या टेबलाशी जायच्या. आमच्या टेबलावर चार मिठाच्या बाटल्या जमल्या. दुर्बीण घेऊन पक्षी बघत फिरणारा एक मास्तर होता, त्याची तर त्यांनी नोकरी, पगार, रक्तदाब सगळं विचारून घेतलं, आणि शेवटी कळलं की त्याची बायको वर खोलीत झोपली आहे. मी लाजेनं अर्धी झाले. मग म्हणाल्या, गावातल्या माणसांची माहिती होडीवाल्याला असते, त्यालाच विचारते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता झाल्यावर, माझ्यासाठी स्थळ बघायला म्हणून, तुझी आई होडीत बसली.

होडीवाले म्हणजे धक्क्यावरच्या होड्यांचे मालक. साठी ओलांडलेले, उंच, उन्हानं रापलेले, शर्ट मात्र रोज इस्त्रीचा. होड्यांच्या शेडवरच त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. पहिल्या दिवशी मी त्यांना काका म्हटलं तर काकूंनी मला चिमटा काढला, काका नको म्हणूस, उगाच जोडी लागते. म्हणून मी होडीवालेच म्हणते. काकू तासाभरानं परत आल्या त्या वेगळ्याच चेहऱ्यानं. मी विचारलं, मिळाली का माहिती? म्हणाल्या, एक शब्द बोलला नाही गं तो माणूस. मी विचारलं ते त्यानं ऐकलं, मान हलवली, आणि वल्ही मारत राहिला. मला वाटलं चिडल्या असतील. पण त्या खिडकीशी जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, सगळी नोकरी टेलिफोन ऑफिसात कानाला हेडफोन लावून काढली, दिवसभर कुणी ना कुणी कानात बोलतंच असायचं. घरी आले की याचे बाबा, ते होते तोवर. तुझ्या बाबांचा आवाज तर तुला माहीतच आहे, विमा विकणारा माणूस, झोपेतही हप्ते समजावून सांगायचे. काकू म्हणाल्या, आज कितीतरी वर्षांनी माझ्या कानात फक्त पाणी वाजलं.

मग काय, रोज सकाळी होडी. माझं स्थळ राहिलं बाजूला. आधी साधे कपडे, मग बाजारातून आणलेली मोठ्या काठाची टोपी, मग एक दिवस माझी लिपस्टिक मागितली, ओठ उन्हानं फुटतात म्हणून. मी म्हटलं, त्यासाठी मलम आहे माझ्याकडे. म्हणाल्या, मलमाला रंग नसतो. मी लिपस्टिक काढून दिली. त्या होडीत बसल्या की होडीवाले त्यांच्यासाठी सावलीच्या बाजूची फळी पुसून ठेवायचे, परत आल्या की हात धरून उतरवायचे, आणि कपाळाला हात लावून निरोप घ्यायचे. बोलणं नाही, हसणं नाही. काकू म्हणायच्या, किती भारदस्त! आवाज ऐकून माणूस ओळखायची सवय मला, याला आवाजच नाही, त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा कुणाकडे तरी नीट बघावं लागतंय. हे सांगताना त्या लाजल्या. तुझी आई लाजते तेव्हा कशी दिसते ते तू पाहिलेलं नसणार. मी पाहिलं. खूप गोड दिसतात रे.

आता माझा पराक्रम ऐक. तुला माहीत आहे, मला माणसाचा चेहरा आधी दिसत नाही, जबडा दिसतो. होडीवाले गेस्ट हाउसच्या स्वयंपाकघराशी चहा प्यायला यायचे, आणि पाव चहात बुडवून बुडवून खायचे. सफरचंद दिलं तर खिशात टाकायचे. खालचा ओठ सतत आत ओढलेला, जणू काही तोंडातून निसटेल म्हणून धरून ठेवलेलं. एकदा त्यांनी मला फक्त 'बरं' म्हटलं, आणि त्या एवढ्याशा शब्दाबरोबर टक् असा आवाज आला. माझे कान टवकारले. तो आवाज मी झोपेतही ओळखेन. सैल कवळी! हा माणूस भारदस्त वगैरे काही नाही, याच्या तोंडातली कवळी पडतेय आणि म्हणून बिचारा तोंड उघडत नाही. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! इतक्या दिवसांत पहिल्यांदा वाटलं की आपल्याला काहीतरी येतं, आपण कुणाच्या तरी उपयोगाचे आहोत. आणि डोळ्यांसमोर चित्र आलं, होडीवाले हसतायत, काकूंशी चार शब्द बोलतायत, काकू हरखून गेल्यायत. मी म्हटलं, बाई, तुझं मोडलं तर मोडलं, यांचं तरी जुळव.

लोक सुट्टीला येताना पोहायचे कपडे आणतात, मी कानस, पॉलिशची पेटी आणि कवळीच्या आत मऊ थर द्यायची पावडर आणली होती. हाताला काम नसलं तर मी वेडी होते, म्हणून. खरं तर तोंडात हात घालणं डॉक्टरांचं काम, माझं काम टेबलावरचं, आणि हे मी होडीवाल्यांना आधीच सांगितलं. तात्पुरतं नीट करून देते, पण नंतर डॉक्टरांना दाखवा. आधी ते ऐकून असे गोरेमोरे झाले, जणू मी त्यांची चोरी पकडली. मग शेडचं दार लावून घेतलं आणि पाठ फिरवून कवळी काढून माझ्या हातात दिली. जुनी होती बिचारी. माणसाच्या हिरड्या वयाबरोबर झिजतात, कवळी तेवढीच राहते, मग ती होडीसारखी डुलते. मी ती घासूनपुसून स्वच्छ केली, आत मऊ थर भरला, त्यांना चावून गप्प बसायला सांगितलं. गप्प बसण्यात तर त्यांचा हातखंडा. मग रंगीत कागद चावायला देऊन उंच दात शोधले, कानशीनं उतरवले, चकचकीत पॉलिश केलं. त्यांनी आरशात बघून दात काढले. मग सफरचंदाचा एक लचका तोडला, चावला, गिळला, आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, पोरी, हा आवाज मी चार वर्षांत ऐकला नव्हता. इथं थांबायला हवं होतं सगळं. पण करायला गेले एक आणि झालं भलतंच.

दुसऱ्या दिवशी काकू होडीत बसल्या आणि होडीवाल्यांच्या तोंडाचा पट्टा सुटला. चार वर्षांचं साठलेलं, बाहेर यायला नको का? मासे कुठल्या महिन्यात कुठल्या काठाला जातात, होडीला कुठलं लाकूड चांगलं, अंडं किती वेळ उकडावं, सरकार कसं चालवावं. मग त्यांचा एक मेव्हणा, तो सायकलवरून जग बघायला निघाला होता. मग त्या मेव्हण्याची सायकल. मग त्या सायकलची घंटी. काकू तळ्याच्या मध्यावर. पोहता येत नाही. जाणार कुठं? मी धक्क्यावर मोठ्या आशेनं उभी होते. होडी दिसायच्या आधी आवाज ऐकू आला. काकू उतरल्या, टोपी हातात, चेहरा भुईमुगाच्या रिकाम्या टरफलासारखा. खोलीत आल्या. दार लावलं आणि माझ्यावर अशा कडाडल्या! म्हणाल्या, एवढा चांगला माणूस होता, तू त्याचा रेडिओ केलास. कुणी सांगितलं होतं तुला? तुला सगळ्यांच्या तोंडात बिघाडच दिसतो का? मी म्हटलं, काकू, तो त्रासात होता, त्याला सफरचंद खाता येत नव्हतं. त्यावर त्या खाली बसल्या आणि एकदम रडायलाच लागल्या. म्हणाल्या, तेही खरंच आहे गं, मीच मेली स्वार्थी. आणि मग आम्ही दोघी रडलो. त्या होडीवाल्यांसाठी, मी तुझ्यासाठी, आणि मधूनमधून एकमेकींसाठी. रडणं झाल्यावर भूक लागली म्हणून दोघींनी ऑम्लेट मागवलं.

त्या दोन दिवस होडीकडे फिरकल्या नाहीत. सांगत नव्हत्या, पण टोपी घालून खिडकीशी बसायच्या. मला खात्री झाली की मी दोघांचं वाटोळं केलं. तिसऱ्या दिवशी होडीवाल्यांनी मला बाजाराच्या वाटेवर गाठलं. आधी पावसाचा अंदाज, मग दोरखंडाचा भाव, आणि मग आवाज खाली आणून विचारलं, बाईसाहेबांना बरं नाही का? मला खोटं बोलवेना. मी सांगितलं, त्यांना बरं आहे, पण तुमचं गप्प असणं त्यांना फार आवडायचं. होडीवाले थांबले. मला वाटलं रागावतील. पण त्यांनी नुसतं पायाखाली बघितलं आणि म्हणाले, मला वाटायचं त्या येतात ते माझी कीव करून. आणि निघून गेले, पुढचं काही न बोलता.

दुसऱ्या सकाळी आम्ही नाश्त्याला बसलो होतो, खोली भरलेली, मास्तर आणि त्याची ती अखेर जागी झालेली बायकोही होती. होडीवाले आत आले. शर्ट इस्त्रीचा, केस पाणी लावून बसवलेले, आणि गाल आत गेलेले. तोंडात कवळी नाही. ती रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवलेली, वरून दिसत होती. आमच्या टेबलाशी येऊन उभे राहिले, काकूंकडे बघितलं, आणि हातानं धक्क्याकडे खूण केली. चलता का? मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. कवळी लावणारा माणूस चारचौघांत तसा येत नाही रे. माझ्या कामात मी बघते ना, लोक नवऱ्यासमोर, बायकोसमोरही काढत नाहीत. आणि हा माणूस नाश्त्याच्या खोलीत उभा होता. काकूंना क्षणभर कळलंच नाही. मग त्यांची नजर खिशाकडे गेली. त्या उठल्या. मला वाटलं आता बाहेर निघून जातील. पण त्यांनी तो रुमाल त्यांच्या खिशातून काढला, त्यांच्या हातात ठेवला आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, आधी दात घाला, चहा प्या, मग निघू. जाताना तुम्ही बोला, येताना गप्प. मंजूर? होडीवाल्यांनी पाठ फिरवून दात घातले आणि म्हणाले, मंजूर. मास्तराच्या बायकोनं टाळ्या वाजवल्या, तिला काय कळलं कुणास ठाऊक.

तेव्हापासून तो करार चालू आहे. तळ्यातल्या बेटापर्यंत मेव्हणा आणि त्याची सायकल, परतीला पाणी. होडीवाल्यांना जड जातं, मधेच एखादा बगळा दिसला की तोंड उघडतात आणि काकूंनी बोट उचललं की मिटतात. मला हे सगळं गमतीचं वाटत होतं. पण मागच्या आठवड्यात मीही होडीत होते. परतीची वेळ, सगळं शांत, आणि अर्ध्या तळ्यात काकूच म्हणाल्या, मग त्या मेव्हण्याचं पुढं काय झालं? होडीवाल्यांनी वल्ही मारायची थांबवली. ज्या बाईचे कान उभा जन्म दुसऱ्यांच्या बोलण्यानं किटले, ती आपणहून म्हणतेय पुढं सांग. मला तिथल्या तिथं कळलं की हे प्रकरण सुट्टीपुरतं नाही. आणि विचित्र म्हणजे, मला हेवा वाटला नाही. मी वाट बघत होते वाटायची. मला नुसतं फार बरं वाटलं, आणि भूक लागली. तुझी आठवण आली ती संध्याकाळी, तीही अशी की, हे त्याला सांगायला हवं. बास, तेवढीच. मला इथं कुणी भेटलं का, असं तुझ्या मनात येत असेल तर, नाही. चार मिठाच्या बाटल्या सोडल्या तर माझ्या पदरात काही पडलेलं नाही. पण रडू थांबलंय, आणि काल मी गेस्ट हाउसच्या लिफ्टनं वर गेले. एकच मजला होता, तरी.

आता खरं काय ते लिहिते, कारण इथपर्यंत मी नुसती पाल्हाळ लावून धीर गोळा करत होते. सोमवारी होडीवाल्यांनी काकूंना मागणी घातली. जातानाच्या बोलायच्या वेळात विचारून घेतलं, आणि परतीला करारामुळे त्यांना पुन्हा विचारता येईना, काकूंनाही उत्तर देववेना. धक्क्याला लागल्यावर काकू नाही म्हणाल्या. खोलीत येऊन मला म्हणाल्या, मला हवंय गं, फार हवंय, पण तू गेलीस त्याच्या आयुष्यातून आणि लगेच मीही गेले, तर तो घरी येऊन बोलणार कुणाशी? म्हणजे बघ, मी जिथून उठले ती जागा भरायला त्या घरी परत यायला निघाल्या आहेत. आपल्या दोघांचं मोडलं, त्याचा भुर्दंड त्यांनी का भरायचा? त्या तुला हे कधी सांगणार नाहीत. तू आलास की हसतील, बॅग उचलतील आणि गाडीत बसतील, आणि घरी पोचल्यावर तुला गरम जेवायला वाढतील, आणि तुला वाटेल की सगळं ठीक आहे. होडीवाले काल माझ्याकडे आले होते. म्हणाले, मोठं माणूस कुणी नाही, मी त्यांना कुणाकडे मागू? मी म्हटलं, त्यांचा मुलगा आहे. ते कागद घेऊन बसले, दोन ओळी लिहिल्या, फाडल्या, आणि एवढा बोलका माणूस म्हणाला, मला नाही जमत, तू लिही. म्हणून लिहितेय. हे मागणीचं पत्र आहे, तुझ्या आईसाठी, आणि मी ते वरपक्षाकडून लिहितेय. माणूस चांगला आहे, घर कोरडं आहे, तब्येत ठणठणीत आहे, दात मी स्वतः तपासले आहेत. यापुढे माझ्याकडे कुठलंही प्रमाणपत्र नाही, आणि खात्रीचं म्हणशील तर ती कुणालाच नाही, त्या दोघांनाही नाही, तरी त्यांना हवंय. तेव्हा रविवारी आलास की सामान भरलंस का, असं विचारू नकोस. त्यांना समोर बसव आणि विचार, आई, तुला काय हवंय? आपण कुणीच हे त्यांना कधी विचारलेलं नाही. मी विचारलं तर त्या तुझं नाव पुढं करतील. तू विचारलंस तर त्यांना खरं सांगावं लागेल.

तुझ्यावर आता न रागावलेली,
कवळीवाली